पुणे विद्यापीठाच्या आवारात अभ्यासाला कुठे बसावे : दोन सत्रांच्या वापरानंतर

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे गणेशखिंडीतील आवार सुमारे ४११ एकरांचे आहे. एवढ्या विस्तारात अभ्यासाला जागा मिळणे अवघड नसावे असे बाहेरून वाटते आणि ती मिळतेही. खरा प्रश्न असतो तो त्या जागेवर टिकून राहण्याचा. इतिहासाच्या एम. ए.ची दोन सत्रे आणि त्यासोबत सेट या सहायक प्राध्यापकपदासाठीच्या राज्यस्तरीय पात्रता परीक्षेची तयारी, या काळात येथील बऱ्याच जागा मी नेमाने वापरल्या. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, जागा किती शांत आहे यापेक्षा तेथून आपल्या ओळखीची किती माणसे जातात, हे आधी पाहावे. आवाजाची सवय होते. ‘चल, पाच मिनिटांत चहा घेऊन येऊ’ या वाक्याची होत नाही, आणि ती पाच मिनिटे पाऊण तासाच्या आत संपल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

जागा पारखण्यासाठी मी सेटच्या दुसऱ्या पेपरचे माप लावतो. १०० प्रश्न, दोन तास. जुनी प्रश्नपत्रिका समोर ठेवून जेथे दोन तास एकदाही उठावे लागत नाही, ती जागा चांगली.

या मापाला ‘जयकर’ बहुतेक वेळा उतरते. १९५० मध्ये स्थापन झालेले आणि विद्यापीठाचे पहिले कुलगुरू मु. रा. जयकर यांचे नाव मिळालेले हे ग्रंथालय आता ‘जयकर ज्ञानस्रोत केंद्र’ झाले असले, तरी आवारात सगळे त्याला जयकर म्हणूनच ओळखतात. संदर्भग्रंथ लागणारे काम असेल, तर दुसरीकडे जाण्यात अर्थ नाही. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरचे जाड खंड समोर उघडून टिपणे काढताना एक गोष्ट लक्षात आली : जे पुस्तक घरी नेता येत नाही, ते आपण जास्त लक्ष देऊन वाचतो. पीडीएफमध्ये तोच मजकूर उपलब्ध आहे, पण तो ‘नंतर वाचू’ या खात्यात जमा होतो. मात्र स्वतःची पुस्तके घेऊन केवळ पाठांतरासाठी येथे बसणे मला मानवले नाही. परीक्षा जवळ आल्या की ओळखीचा प्रत्येक चेहरा येथेच असतो. आत कोणी बोलत नाही हे खरे, पण खांद्यावर हलकेच टकटक करून बाहेर बोलावण्याला शांततेचा नियम लागू होत नाही. त्यासाठी दाराकडे पाठ करून आणि भिंतीला लागून बसावे. पंख्याखालची जागा उन्हाळ्यात हवीशी वाटते, पण सुट्या कागदांवर काम करणाऱ्याने ती टाळलेली बरी.

माझी सर्वांत आवडती जागा मात्र तास संपल्यानंतरचा रिकामा वर्ग ही आहे. दुपारी तीननंतर बऱ्याच विभागांतले वर्ग मोकळे होतात. विभागातल्या शिपाईमामांना आधी विचारावे, पंखे-दिवे आठवणीने बंद करावेत आणि बाक जागच्या जागी ठेवावेत, एवढे पथ्य पाळले की कोणी हरकत घेत नाही. ‘बसा, पण साडेपाचला कुलूप लावणार बरं का,’ असे मामांनी बजावले की अभ्यासाला आपोआप मुदतही पडते. येथला खरा लाभ म्हणजे फळा. दख्खनच्या जमीनमहसुलाचे प्रकरण माझ्या डोक्यात बसत नव्हते, ते फळ्यावर बसले : एका टोकाला इंग्रज अधिकारी प्रिंगलची फसलेली जमीन-पाहणी, मग इंदापूर तालुक्यापासून सुरू झालेली विंगेट-गोल्डस्मिड यांची फेरमोजणी, त्यापुढे १८७५ चे सावकारविरोधी दंगे आणि १८७९ चा शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा. हे पुसून पुन्हा न पाहता लिहायचे, चुकले तर पुन्हा पुसायचे. वहीत असे करायला हात आळसावतो. फळ्यापुढे उभे राहिले की झोपही येत नाही. खडूच्या धुळीचा त्रास असलेल्यांनी ओले फडके जवळ ठेवावे.

मुख्य इमारतीचा परिसर अर्थातच देखणा आहे. मुंबईच्या गव्हर्नरचे हे एके काळचे पावसाळी निवासस्थान. समोरची हिरवळ, जुने वड, सारे काही मन प्रसन्न करणारे. डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी तेथे कादंबरी किंवा एखादा लेख वाचून होतो. त्यापलीकडचा अभ्यास होत नाही, असा माझा अनुभव आहे. उन्हात लॅपटॉपचा पडदा दिसत नाही, मांडीवर वही धरून अक्षर बिघडते आणि पावसाळा लागला की डास पायांचा ताबा घेतात. फिरायला येणाऱ्यांची वर्दळही असते, पण ती मंडळी अनोळखी असल्यामुळे माझ्या हिशेबात मोजली जात नाहीत.

ओपन कँटीनचा उल्लेख करायचा तो गटाने चर्चा करायची असेल तरच. वसतिगृहाच्या खोलीबद्दल काय लिहावे? तेथे पलंग असतो.

विद्यापीठात येण्याआधी मी पेठेतल्या एका खासगी अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरून बसत असे. तेथे शांतता होती, स्वतःचे टेबल होते, मोबाइल चार्जिंगची सोय होती. परंतु दोन्ही बाजूंना फळ्या लावून केलेल्या त्या खुराड्यात समोर फक्त भिंत दिसायची, आणि स्पर्धा परीक्षेचे निकाल लागले की सगळी खोली एकदम खचायची. आवारात निदान खिडकी तरी असते आणि शेजारी बसलेला कदाचित भूगर्भशास्त्राचा असतो, त्यामुळे त्याच्याशी आपली तुलना होत नाही.

सध्या माझी व्यवस्था अशी आहे की, सकाळी जयकरमध्ये संदर्भ पाहायचे, दुपारी मोकळा वर्ग मिळाला तर पाठांतर करायचे आणि चहाची वेळ मित्रांना आधीच सांगून टाकायची : पावणेसहा, त्याआधी नाही. नव्याने येणाऱ्यांनी ओळखपत्र कायम खिशात ठेवावे आणि परीक्षांच्या दिवसांत ग्रंथालयाच्या वेळा दारावरच्या सूचनेवरून पाहून घ्याव्यात. मित्राने सांगितलेली वेळ बहुधा मागच्या सत्राची असते.