गॅलरीच्या छताची दुरुस्ती: पॉलिमर मॉर्टर वीस महिन्यांनंतर

वसईत समुद्रापासून जवळच आमची चार मजली इमारत आहे. खारा वारा बारा महिने. गॅलरीच्या छताचे पोपडे पडून सळ्या उघड्या पडल्या, तेव्हा नोव्हेंबरमध्ये पोत्यातलं तयार पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा माल) आणि एसबीआर लॅटेक्स (जुन्या काँक्रीटला नवं मॉर्टर धरावं म्हणून आधी लावायचं दुधासारखं रबरी द्रावण) वापरून दुरुस्ती करून घेतली. त्यानंतर एक सबंध पावसाळा गेला, दुसरा निम्मा झालाय. गेल्या रविवारी शिडी लावून अकराही ठिगळं हातोडीने ठोकून पाहिली. नऊ खणखणीत वाजली. दोन बद वाजली, म्हणजे आतून सुटली आहेत, आणि त्यातल्या एकाच्या कडेने केसाएवढी भेग गेली आहे.

माल तोच, मिस्त्री तोच, दिवसही तोच. मी त्या दिवशी घरीच होते. या दोन ठिकाणी लॅटेक्सचा हात मारून झाला आणि माणसं जेवायला गेली. तासाभराने आली तोवर कोट वाळून चकचकीत झाला होता. त्यावरच मॉर्टर थापलं. हा कोट बोटाला चिकटतोय तोवरच मॉर्टर बसायला हवं. वाळला की त्याचा पापुद्रा होतो, आणि जो पकड द्यायला लावला तोच दोन थर वेगळे ठेवतो. अशा वेळी तो खरवडून नवा कोट मारायचा. हे मला तेव्हा माहीत असतं तर मी काम थांबवलं असतं, याची हळहळ अजून वाटते.

बाकीच्या नऊ ठिकाणी तयारी चोख होती. घट्ट काँक्रीट लागेपर्यंत छिन्नी चालवली, कडा निमुळत्या न सोडता सरळ कापल्या, सळीच्या मागे बोट जाईल इतकं खोदून गंज घासून काढला. आदल्या रात्री पाणी मारून ठेवलं होतं. कोरडं काँक्रीट मॉर्टरमधलं पाणी शोषून घेतं, म्हणून ते आतून ओलं हवं, पण वर पाण्याचा थेंब नको.

पोत्यावरच्या पकडीच्या आकड्यावर मी आता फार भिस्त ठेवत नाही. ईएन 1504 या युरोपीय मानकात आर 4 या सर्वात वरच्या वर्गाच्या मॉर्टरला किमान 2 मेगापास्कल (दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 20 किलो ओढ) पकड लागते, पण ती प्रयोगशाळेत नीट तयार केलेल्या काँक्रीटवर मोजतात. सोसायटीचं मोठं काम असेल तर जागेवरच चकती चिकटवून ओढून बघायची पुल-ऑफ चाचणी करारातच लिहून घ्या.

माल मी पुन्हा हाच घेईन. दोन्ही बद ठिगळं दिवाळीआधी फोडायची आहेत. मला जास्त काळजी वेगळ्याच जागेची आहे. एक ठिगळ अगदी घट्ट आहे, पण त्याला लागून जुन्या काँक्रीटवर तांबूस ओघळ दिसतो. तिथे मीठ आत राहिलंय आणि गंज शेजारी सरकलाय. गंजलेलं लोखंड मूळच्या दुपटीहून जास्त फुगतं, त्यापुढे कुठलीच पकड टिकत नाही. या वेळी ओघळाच्या पलीकडे, स्वच्छ सळी दिसेपर्यंत खोदायला सांगणार आहे.