गंगापूर रोडचा रविवारचा तत्त्वज्ञान वर्ग : नक्की जा, पण क्वांटमला वेळ कमी पडला

आपण जे करतो ते खरंच आपण ठरवून करतो का, या एकाच प्रश्नावर नाशकात कुणीतरी मराठीतून अख्खा कोर्स घेतंय हेच मला भारी वाटलं. अभ्यासिकेचा वरचा हॉल, साध्या खुर्च्या, फी परवडणारी.

सगळ्यात आवडला लिबेट या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञाचा प्रयोग, कारण सरांनी तो आमच्याकडून करूनच घेतला. भिंतीवर घड्याळाची तबकडी, तिच्यावरून एक ठिपका २.५६ सेकंदांत फेरी मारतो, वाटेल तेव्हा मनगट हलवायचं आणि हलवावंसं वाटलं तेव्हा ठिपका कुठे होता ते सांगायचं. करून बघा, तो क्षण धरताच येत नाही! १९८३ च्या पेपरात लिबेटनी दाखवलं की हात हलायच्या साधारण अर्धा सेकंद आधीच मेंदूत हालचाल सुरू होते आणि इच्छेची जाणीव होते जेमतेम ०.२ सेकंद आधी. लोक इथेच थांबतात आणि सगळं आधीच ठरलेलं असतं म्हणून मोकळे होतात, पण सरांनी २०१२ चं संशोधनही सांगितलं, की ती हालचाल म्हणजे झालेला निर्णय नसून मेंदूत कायम चालू असलेले चढउतारही असू शकतात. हे सांगणारे कमी भेटतात.

क्वांटमचा, म्हणजे अणूएवढ्या बारीक कणांच्या विज्ञानाचा भाग मात्र उरकल्यासारखा झाला. फ्रेंच गणिती लाप्लासचं १८१४ चं म्हणणं, की प्रत्येक कणाची स्थिती आणि त्यावरची बलं कळली तर भविष्यही कळेल, हे छान समजावलं, मग कणाची जागा आणि वेग दोन्ही एकाच वेळी अचूक कळूच शकत नाहीत म्हणणारा शास्त्रज्ञ हायझेनबर्ग आला, म्हणजे सगळं आधीच ठरलेलं नाही इथवर आलो, आणि वेळ संपली. अहो पण कण कसाही उडाला म्हणून मी स्वतंत्र कशी झाले? योगायोगाने घडलेलं काही मी निवडलेलं नसतं ना. यावर बोलायलाच हवं होतं.

जबाबदारीवरचा रविवार जोरदार झाला. भारतीय न्याय संहितेचं कलम २२, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं ८४, वाचून दाखवलं, मनोविकारामुळे आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हेच कळत नसेल तर तो गुन्हा धरत नाहीत. म्हणजे कायदा अणूरेणूंपर्यंत जातच नाही, समज होती का एवढंच विचारतो, आणि मला हेच पटतं. एक निवृत्त बाई म्हणाल्या, मग घरात रोज मार खाऊन आलेल्या पोराला मी वर्गात उभं केलं ते बरोबर होतं का? त्यावर चर्चा इतकी रंगली की त्र्यंबकला पूजा करून नशीब बदलतं का इथपर्यंत गेली आणि कुणी कुणाला वेड्यात काढलं नाही.

विज्ञान शाखेचे नसाल तरी बिनधास्त जा. सरांना एकच विनंती, पुढच्या बॅचला क्वांटमसाठी दोन रविवार ठेवा, मी परत येऊन बसेन.