पुली-बेल्टची असेंब्ली: बेल्ट फीचर की गिअर मेट?

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांसाठी ड्रॉइंग करणाऱ्या नव्या मुलांना सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये पुली-बेल्ट जोडताना गिअर मेट जवळचा वाटतो. मेट म्हणजे भाग एकमेकांशी बांधणारी अट; गिअर मेट दोन भागांचं फिरणं ठरावीक गुणोत्तरात बांधतो. दोन पुलींचे गोल पृष्ठभाग निवडायचे, त्यांच्या व्यासांचं १००:२०० असं गुणोत्तर द्यायचं आणि रिव्हर्सवर टिक करायची, कारण गिअर एकमेकांच्या उलट फिरतात, पण साध्या बेल्टवर दोन्ही पुली एकाच दिशेने फिरतात. ग्राहकाला फक्त फिरणं दाखवायचं असेल तर तेवढं पुरतं.

पण बेल्ट बाजारातून आणायचाय ना? मग बेल्ट/चेन फीचरच घ्या. पुली निवडल्या की ते बेल्टचा मार्ग आखतं आणि लांबीही सांगतं. १०० आणि २०० मिमी पिच व्यासाच्या (बेल्टची लांबी ज्या वर्तुळावर मोजतात त्याच्या व्यासाच्या) पुली ४०० मिमी अंतरावर असतील तर ती साधारण १२७७ मिमी भरते. दुकानात मात्र बेल्ट ठरावीक मापांतच मिळतो. फीचरमधला ‘ड्रायव्हिंग’ हा पर्याय चालू करून लांबी १३०० टाका, मोटारची पुली सरकून अंतर ४११ च्या आसपास येतं. त्यासाठी ती पुली स्लॉटच्या (मोटार सरकवायच्या लांबट खाचेच्या) दिशेने मोकळी हवी. मेटने जखडलेली असेल तर हलणार नाही.

व्ही-बेल्टला (व्ही आकाराच्या खाचेत बसणाऱ्या बेल्टला) पुलीचा बाहेरचा व्यास निवडू नका, लांबी चुकते. पिच व्यासाचं वर्तुळ पुलीच्या स्केचमध्ये आधीच काढून ठेवा.