गाडीवर बसवण्याची कॅमेरा रिग: आठ महिन्यांच्या वापरानंतर

प्रत्येकी दीड मीटरच्या चार कार्बन फायबर नळ्या, त्या जोडून होणारी सहा मीटरची दांडी, ती गाडीला धरून ठेवणारे पंपाचे तीन सक्शन कप आणि टोकाला कॅमेऱ्यासाठी बॉलहेड (कॅमेरा हव्या त्या कोनात फिरवून घट्ट करता येणारा गोलाकार सांधा), एवढाच या रिगचा पसारा आहे. आठ महिन्यांत मी ती तेरा वेगवेगळ्या गाड्यांवर बसवली आणि त्या काळात तिची पूर्ण लांबी फक्त दोनदा वापरली. खरेदी मात्र त्या सहा मीटरवर भाळूनच केली होती, त्यामुळे सुरुवात त्या चुकीपासूनच करते.

ज्यांनी हा प्रकार केलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, कॅमेरा गाडीलाच जखडलेला असल्यामुळे गाडी आणि कॅमेरा यांच्यातील अंतर बदलत नाही. शटर दोन सेकंद उघडे ठेवले तरी गाडी काटेकोर स्पष्ट येते आणि रस्ता, झाडे, भिंती मात्र वाहून गेल्यासारख्या दिसतात. रस्त्याच्या कडेला उभे राहून गाडीच्या मागे कॅमेरा फिरवत पॅनिंग केले, तर गाडीची एकच बाजू नीट येते, कारण गाडी पुढून गेली की तिचा कोन सतत बदलतो आणि पुढचा दिवा स्पष्ट आला तर मागचे चाक हलते. समोरच्या कोपऱ्यातून, रस्त्याच्या अगदी जवळून आणि वाइड लेन्सने गाडी धावताना दाखवायची असेल, तर रिगला मला तरी दुसरा चांगला पर्याय सापडलेला नाही.

आता लांबीबद्दल. लांब दांडी म्हणजे कॅमेरा दूर, कॅमेरा दूर म्हणजे गाडीचा आकार कमी ताणलेला, आणि म्हणून लांब ते चांगले, असे माझे गणित होते. हे गणित चुकीचे नाही, पण अर्धवट आहे. एका टोकाला पकडलेल्या दांडीची लांबी दुप्पट केली की तेवढ्याच वजनाने तिचे दुसरे टोक दुप्पट नव्हे तर आठपट झुकते. तीन मीटरवर जो कॅमेरा शांत बसतो तोच सहा मीटरवर मासेमारीच्या गळासारखा डोलू लागतो, आणि एकदा डोलला की लवकर थांबत नाही. त्यात चार नळ्यांचे तीन सांधे येतात, आणि सांध्यातली केसाएवढी ढील टोकाला बोटाएवढी होते. पहिल्या दिवशी मी काढलेल्या साठ-सत्तर छायाचित्रांपैकी एकही वापरण्याजोगे नव्हते आणि मी दोष लेन्सला देत बसले होते. नंतर दांडी तीन नळ्यांवर आणली, दोन कपांमधील अंतर वाढवले आणि तिसरा कप त्या दोघांच्या रेषेबाहेर लावून त्रिकोण केला, तेव्हा पहिल्यांदा नंबर प्लेटवरची अक्षरे वाचता आली. हल्ली मी दांडीच्या मध्यापासून छताच्या कडेपर्यंत न ताणणारी एक दोरीही बांधते. रिगसोबत ती येत नाही, पण आली पाहिजे होती असे माझे मत आहे.

मात्र रिग कितीही ताठ असली तरी निकाल ठरतो तो गाडी कशी हलते यावर, आणि हे मला कोणीही आधी सांगितले नव्हते. या छायाचित्रांत गाडी वेगाने धावत नसते. इंजिन बंद असते, गिअर न्यूट्रलमध्ये असतो आणि दोन माणसे ती मागून ढकलत असतात. चालू इंजिनाची थरथर दांडीच्या टोकापर्यंत पोहोचते आणि सगळ्या कडा दुहेरी करते, म्हणून ते बंद ठेवावेच लागते. ताशी तीन किलोमीटर म्हणजे माणसाच्या रमतगमत चालण्याचा वेग. त्या वेगाने दोन सेकंदांत गाडी सुमारे १.७ मीटर पुढे सरकते. चाकाचा परीघ साधारण दोन मीटरच्या आसपास असतो, म्हणजे तेवढ्यात चाक पाऊण फेऱ्याहून जास्त फिरते. पाच आऱ्यांच्या चाकाला एका आऱ्याच्या जागी दुसरा यायला चाळीस सेंटिमीटरच पुरतात, त्यामुळे आरे पूर्ण विरघळतात आणि पाहणाऱ्याला गाडी ताशी शंभरने चालली आहे असे वाटते.

ढकलणाऱ्यांना शिकवण्यात माझे दोन महिने गेले. माणूस जोर लावताना प्रत्येक पावलाला नकळत एक हिसका देतो, आणि तो हिसका छायाचित्रात पायऱ्यांसारखा उमटतो. पावले छोटी ठेवायची, हात सरळ ठेवायचे, आणि ढकलताना पत्र्याच्या मधोमध नव्हे तर डिकीच्या भक्कम कडेवर भार द्यायचा, एवढे पाळले तरी मोठा फरक पडतो. शटर मी लगेच सोडत नाही; गाडी चालू लागल्यावर दांडीचा पहिला झोका शांत होऊ देते आणि मगच रिमोट दाबते. जिथे अगदी नजरेला न जाणवणारा उतार असेल तिथे तर ढकलायचीही गरज पडत नाही, ब्रेक सोडला की गाडी स्वतःच्या वजनाने निघते आणि तेवढी एकसारखी गती कोणत्याही माणसाच्या हातून मिळत नाही. त्यामुळे जागा बघायला जाताना मी हल्ली पार्श्वभूमीच्या आधी जमिनीचा उतार आणि डांबराचा गुळगुळीतपणा पाहते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांबाबत हे सगळे सोपे होते, कारण त्यांत इंजिनाची थरथर नसते आणि त्या स्वतःच्याच जोरावर सावकाश चालवता येतात.

स्टिअरिंगवर बसणाऱ्या व्यक्तीला तीन गोष्टी आधीच समजावून सांगाव्या लागतात. चावी चालू स्थितीत ठेवावी, नाहीतर स्टिअरिंग लॉक होऊ शकते. इंजिन बंद असल्यामुळे स्टिअरिंग जड लागेल आणि ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांनंतर संपेल, तेव्हा थांबवताना पाय नेहमीपेक्षा जोरात दाबावा लागेल. आणि शटर उघडे असताना ब्रेकला स्पर्शही करू नये, कारण एक तर झटका बसतो आणि दुसरे म्हणजे मागचे लाल दिवे लागतात. हे सर्व मी फक्त बंद आवारात आणि मोकळ्या पार्किंगमध्ये करते. चार-पाच मीटर बाहेर आलेली दांडी घेऊन वाहत्या रस्त्यावर उतरणे हा शुद्ध अविचार आहे.

प्रकाशाचे गणित त्यामानाने सरळ आहे. भर उन्हात आयएसओ १०० (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) आणि एफ १६ ला (हा लेन्सच्या छिद्राचा, म्हणजे अॅपर्चरचा आकडा; तो जितका मोठा तितके छिद्र लहान) सुमारे १/१०० सेकंद पुरतो. सहा स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्ससमोर लावायची गडद काच; दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो) हा काळ ६४ पट करतो, तरी तो पाऊण सेकंदाच्याही आतच राहतो. त्यावर पोलरायझर (चमक कमी करणारा आणि थोडा प्रकाशही अडवणारा फिल्टर) चढवला की पावणेदोन सेकंदांच्या आसपास पोहोचता येते. दहा स्टॉपचा फिल्टर लावल्यास एफ ८ लाच अडीच सेकंद मिळतात आणि लहान अॅपर्चरमुळे येणारा मऊपणाही टळतो. कॅमेऱ्यातील स्टॅबिलायझेशन बंद ठेवावे आणि फोकस एकदा ठरवून रिंगवर चिकटपट्टी लावावी. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन (जास्त वेळ शटर उघडे ठेवल्याने येणारे ठिपके काढणारी कॅमेऱ्यातील सोय) हेही बंद ठेवलेले बरे, नाहीतर प्रत्येक छायाचित्रानंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडून बसतो आणि ढकलणारे तुमच्याकडे बघत राहतात.

सक्शन कपांवर मला सगळ्यात जास्त लिहावेसे वाटते, कारण भीती तिथेच असते. पंधरा सेंटिमीटर व्यासाच्या कपाखाली पूर्ण निर्वात झाला असे मानले तर हवेचा दाब त्याला १८० किलोच्या भाराएवढ्या बळाने दाबून धरतो. प्रत्यक्षात निर्वात पूर्ण कधीच नसतो, पण दीड किलोच्या कॅमेऱ्यासाठी बळ कमी पडत नाही. कमी पडतो तो पत्र्याचा ताठपणा. पातळ बॉनेटच्या मधोमध लावलेला कप निसटत नाही, पत्र्यासकट हलतो. म्हणून कप बॉनेटच्या कडेजवळ, जिथे खाली आधाराची पट्टी असते तिथे, किंवा सरळ काचेवर लावावा. जागा आधी अल्कोहोलने पुसावी, कारण कपाच्या ओठाखाली अडकलेला वाळूचा एक कण रंगावर गोल ओरखडा काढायला पुरेसा असतो. पंपाच्या दांड्यावर लाल रेघ दिसू लागली की हवा आत शिरते आहे असे समजून पुन्हा पंप मारायचा. ही साधी सोय या रिगमधील सर्वोत्तम गोष्ट आहे.

तरीही दोन अपघात झाले. एका थंड पहाटे रबर कडक झाले होते, आणि रेघ तपासायला मी दहा मिनिटे विसरले तेवढ्यात एक कप सुटला. दांडी खाली आली, पण दाराच्या आतून ओवलेल्या पट्ट्याने कॅमेरा जमिनीपासून वीतभर वर अडकला. तो पट्टा त्या दिवशी मी जवळजवळ कंटाळा करून टाळणार होते. दुसऱ्या वेळी गाडीवर व्हिनाइल रॅप (रंगावर चिकटवलेले प्लास्टिकचे पातळ आवरण) होते आणि कप काढताना त्याची कड उचलली गेली. मालकाने समजून घेतले, मी खर्च भरला, आणि तेव्हापासून रॅप केलेल्या किंवा नुकत्याच पुन्हा रंगवलेल्या पत्र्याला मी कप लावत नाही. सोबत आलेल्या माहितीपत्रकात याबद्दल एक ओळही नव्हती.

दांडीची सावली बॉनेटवर पडू नये म्हणून सूर्य कॅमेऱ्याच्या समोरच्या बाजूला किंवा ढगाआड असलेला बरा. संध्याकाळचा शेवटचा अर्धा तास उत्तम.

घरी आल्यावर दांडी छायाचित्रातून पुसावी लागते आणि हे काम विकणारे सांगतात त्यापेक्षा बरेच मोठे आहे. माझी पद्धत अशी, की सगळे संपल्यावर रिग उतरवून त्याच जागेवरून ट्रायपॉडने उभ्या गाडीचे छायाचित्र घ्यायचे आणि दांडीखाली झाकलेला बॉनेटचा भाग त्यातून भरायचा. पार्श्वभूमीचा भाग सोपा असतो, कारण ती आधीच ओढलेली असते. येथे एक मोह होतो: उभ्या गाडीचे स्वच्छ छायाचित्रच पूर्ण वापरावे आणि फक्त मागचा रस्ता चालत्या गाडीचा घ्यावा. मी ते केले आहे आणि मला ते आवडले नाही. चालत्या गाडीच्या रंगात आजूबाजूच्या झाडांची प्रतिबिंबेही ओढली जातात. उभ्या गाडीत ती स्थिर राहतात आणि गाडी रस्त्यावर चिकटवल्यासारखी दिसते. कारण सांगता आले नाही तरी पाहणाऱ्याला ते खटकतेच. याच कारणाने पोलरायझरही मी आता पूर्ण फिरवत नाही. काचेवरची चमक कमी करताना पत्र्याची गोलाई दाखवणारे प्रतिबिंबही त्याच्याबरोबर जाते.

गाडी ढकलून वेग दाखवणे ही फसवणूक आहे, असे दोन गाडीमालकांनी मला ऐकवले. फ्रेंच छायाचित्रकार झाक-आंरी लार्तिगने शतकाहून अधिक काळापूर्वी काढलेल्या शर्यतीच्या गाडीच्या प्रसिद्ध छायाचित्रात चाक लंबगोल होऊन पुढे कललेले आहे आणि प्रेक्षक उलट्या दिशेने झुकले आहेत. ते शटरची फट सरकत असताना कॅमेरा फिरल्यामुळे झाले, आणि तरीही ते वेगाचेच चित्र मानले जाते. माझा युक्तिवाद त्या मालकांना फारसा पटला नाही, छायाचित्रे मात्र दोघांनीही मोठी करून लावली.

बाकी तक्रारी किरकोळ आहेत. बॉलहेड हलका आहे, वजनदार लेन्स लावली की कॅमेरा हळूहळू नाक खाली करतो, म्हणून मी तो बदलला. नळ्यांच्या सांध्यांतील आटे महिन्यातून एकदा पुसले नाहीत तर कुरकुरतात. कप मात्र आठ महिन्यांनंतरही नव्यासारखे आहेत. आज पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी याच रिगचा साडेचार मीटरचा संच घेईन आणि उरलेल्या पैशांत एक जादा कप घेईन. चौथी नळी सध्या घरात पांढरे कापड टांगायला उपयोगी पडते आणि त्या कामात ती अजिबात डोलत नाही.