पुण्याची सेमिनरी की घरी राहून टी.ई.ई.? मराठवाड्यातल्या उमेदवारासाठी

ख्रिस्ती सेवेचं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, झालेली आपल्याकडची मुलं-मुली शेवटी एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात. पुण्याला युनियन बिब्लिकल सेमिनरीत, म्हणजे पाळक तयार करणाऱ्या धर्मशिक्षणाच्या संस्थेत, राहून शिकायचं, की घर, नोकरी आणि शेती सांभाळत टी.ई.ई., म्हणजे विस्तार पद्धतीचं धर्मशिक्षण घ्यायचं? मी आधी टी.ई.ई.च्या गटात होतो, नंतर पुण्याला गेलो. फी, पदव्या, प्रवेशाची पात्रता हे सगळं माहितीपत्रकात मिळतं, त्यामुळे त्यात शिरत नाही. या दोन वाटा कशा निघाल्या ते मात्र सांगतो, कारण माझा निर्णय पुष्कळसा त्यावरच झाला.

पुण्याची ही सेमिनरी मुळात आपल्या शेजारची. यवतमाळला फ्री मेथडिस्ट मिशनचं मराठी बायबल स्कूल होतं. १९५१ साली इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडिया ही मंडळ्यांची (म्हणजे चर्चची) आणि मिशनांची संघटना स्थापन झाली. निरनिराळ्या मिशनांनी आणि मंडळ्यांनी मिळून वरच्या दर्जाचं शास्त्रशिक्षण द्यावं हा विचार तिथे जोर धरू लागला, आणि १९५३ मध्ये यवतमाळलाच युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. पहिले प्राचार्य होते फ्रँक क्लाइन. पुढे सफीर अथ्याल यांच्यासारखे भारतीय विद्वान प्राचार्य झाले. मराठीची जागा इंग्रजीने घेतली आणि विद्यार्थी केरळपासून मिझोरामपर्यंतचे येऊ लागले. १९८३ मध्ये सेमिनरी पुण्याला बिबवेवाडीत आली.

नांदेड-हिंगोलीकडच्या माणसाला हे स्थलांतर अजून थोडं लागतं, आणि लागावंच. यवतमाळ जिल्हा आपल्याला लागून आहे. पुणे म्हणजे रात्रीचा प्रवास. पण अरुंद रुळांवरची शकुंतला सोडली तर यवतमाळला दुसरी रेल्वेगाडी नव्हती, आणि देशभरच्या मंडळ्यांसाठी चालवायची संस्था तिथे किती वाढली असती याची मला शंकाच आहे.

टी.ई.ई.चा जन्म नेमका सेमिनऱ्यांच्या दुखण्यातून झाला. १९६३ साली ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीने पाहिलं, की खेड्यातला मुलगा शहरात शिकला की खेड्यात परतत नाही, आणि गावात जो खरा पुढारी असतो त्याला शेत-कुटुंब सोडून शहरात येता येत नाही. मग त्यांनी शिक्षकालाच खेड्यात पाठवलं. विद्यार्थ्याने घरी पुस्तिका वाचायची, आठवड्यातून एकदा गटात चर्चा करायची आणि शिकलेलं लगेच आपल्या मंडळीत वापरायचं. ही पद्धत जगभर गेली. भारतात त्यासाठी १९७१ मध्ये टॅफ्टी ही संस्था उभी राहिली, बंगळूरला.

कागदावर ही पद्धत मराठवाड्यासाठीच केल्यासारखी वाटते. आपल्याकडे पाळक कमी आणि गावं लांबलांब. एका पाळकाकडे पाच-सात वस्त्या. शिक्षक, नर्स किंवा दुकानदार असलेला सभासद संध्याकाळी शिकून रविवारी उपासना घेऊ शकला, तर त्याहून चांगलं काय? सुरुवातीचे महिने मलाही तसंच वाटलं. पुस्तिकेत छोटा उतारा असतो, खाली प्रश्न, लिहायला मोकळी जागा आणि लगेच पुढे उत्तर. आपण हाताने उत्तर झाकायचं, लिहायचं, मग पडताळून बघायचं. कंदिलापाशी बसूनही हा अभ्यास होतो. ज्याची शाळा सुटून वर्षं लोटली आहेत, त्याला या पद्धतीने पुन्हा वाचायची सवय लागते. हे मी पाहिलेलं आहे.

अडचण आली ती गटात. आमच्या गटात ऊसतोडीला जाणारी माणसं होती, आणि बीड-जालन्याकडच्या कुठल्याही मंडळीत ती असणारच. एका संध्याकाळी बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय चालू होता. कोणाच्या ऋणात राहू नका, असं प्रेषित पौल तिथे लिहितो. त्यावर एका तरुणाने विचारलं, “मुकादमाची उचल दरसाल अंगावर राहतेच. एका हंगामात ती फिटत नाही. मग आम्ही कायमचे पापात का?” उचल म्हणजे ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम. पुस्तिकेत या प्रश्नाला जागा नव्हती. गट घेणारे सज्जन होते. पुढच्या बैठकीपर्यंत विचारून येतो म्हणाले. पुढची बैठक येईपर्यंत दिवाळी झाली आणि तो तरुण बायकोला घेऊन कारखान्यावर निघून गेला. त्याच्यासोबत गटातली निम्मी माणसं गेली. उरलेल्यांनी मोकळ्या जागा भरल्या. एक बैठक रद्द झाली, मग पुढचीही, आणि गट पुन्हा जमला तो गुढीपाडव्यानंतर.

हे वर्षानुवर्षं असंच होणार, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा माझं मन फिरलं. गाव जागेवर बसलेलं आहे, असं ग्वाटेमालाची पद्धत धरून चालते. आपल्याकडे नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. तसं गाव मिळालेली कुटुंबं थोडी. बाकीची मंडळी कोरडवाहू तुकड्यावर किंवा दुसऱ्याच्या शेतावर, आणि हिवाळा आला की कोयता घेऊन रस्त्यावर. शिक्षक खेड्यात गेला तर त्याला कुलपं भेटतात.

पुण्याला गेल्यावर तो उचलीचा प्रश्न मी बरोबर नेला होता. तिथे ग्रंथालय होतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे जेवताना वाद घालायला माणसं होती. ओडिशाकडच्या एका मित्राला हा प्रश्न समजावून सांगावाच लागला नाही. त्याच्या भागातली माणसं अशीच आगाऊ रक्कम घेऊन वीटभट्टीवर जातात. आम्ही दोघांनी बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा पंधरावा अध्याय काढला, लेवीयातलं योबेल वर्ष, म्हणजे जमिनी आणि माणसं मोकळी करायचं वर्ष, काढलं, सावकारी करणाऱ्यांना जाब विचारणारा नहेम्याचा पाचवा अध्याय वाचला. कर्जाचा विषय निघाला की मोशेचं नियमशास्त्र आधी देणाऱ्याला जाब विचारतं. रोम १३ त्याच्याशेजारी ठेवून वाचलं की त्या तरुणाच्या मानेवरचं ओझं निम्मं उतरतं. हे मला गावातल्या पुस्तिकेतून उमगलं असतं असं मी म्हणणार नाही. कदाचित दुसऱ्या कोणाला उमगेल.

आणखी एक गोष्ट मी आधी धरलीच नव्हती. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या जातात कुठे? दौंड, इंदापूर, बारामती, फलटणकडे. म्हणजे दिवाळी ते मार्च माझी मंडळी मला गावापेक्षा पुण्याहून जवळ होती. सुटीच्या दिवशी एसटीने निघायचं आणि कारखान्याच्या तळावर कोप्यांमध्ये, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांमध्ये, विचारत जायचं. ऊसतोडीला रविवार नसतो, म्हणून उपासना रात्री गाडी भरून आल्यावर. पाचटाच्या कोपीत आठ-दहा माणसं, बॅटरीच्या उजेडात एक भजन, एक वाचन, थोडी प्रार्थना. प्रभुभोजन देण्याचा अधिकार मला नव्हता, ते गावी परतल्यावर पाळकांकडून. तो तरुण मला अशाच एका तळावर भेटला. नहेम्या त्याला आम्ही तिथेच वाचून दाखवला. त्याने तो अध्याय पुन्हा वाचायला लावला.

सेमिनऱ्यांचं वर्ष साधारण जून ते मार्च चालतं. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये तुम्ही घरी येता तेव्हा टोळ्याही परतलेल्या असतात. लग्नं, बाप्तिस्मे, घरभेटी सगळं त्याच दिवसांत. जून ते दिवाळी मात्र मंडळी गावात आणि तुम्ही पुण्यात. ती उणीव खरी आहे आणि ती भरून निघत नाही.

इंग्रजीचंही तसंच. पहिलं वर्ष जड जातं. गावी गेल्यावर संदेश मराठीतच द्यायचा असतो, म्हणून टिपणं मराठीत काढायची सवय सुरुवातीपासून लावा.

तुमची मंडळी मोठ्या गावात असेल, बहुतेकांना पगारी नोकरी असेल आणि गट बारा महिने जमत असेल, तर टी.ई.ई. खुशाल घ्या. लहान मुलं असलेल्या बहिणींना तर मी आधी तीच सुचवीन. पण ज्याची मंडळी कोयत्यावर जाते आणि ज्याला दोन-तीन वर्षं बाहेर राहणं शक्य आहे, त्याने पुण्याचा विचार जरा जास्त करावा असं मला वाटतं.

जायचं ठरलं तर मंडळीचं शिफारसपत्र लागतं. ते दसऱ्याच्या आसपास मागा. दिवाळीनंतर मंडळीच्या पंचकमिटीतली निम्मी माणसं कारखान्यावर असतात आणि सह्या अडकून पडतात.