म्हापशातलं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान, नोकरी गेल्यावर खरंच उपयोगी

पर्वरीतल्या एका कपड्यांच्या शोरूममधून सहा वर्षांनी मला काढलं, शाखाच बंद केली म्हणून, आणि मी बायोडाटा टाईप करायला म्हापसा मार्केटजवळच्या या छोट्या दुकानात गेले तेव्हा डोळ्यात पाणीच होतं. काकांनी आधी खुर्ची दिली, मग विचारलं, "बाय, ग्रॅच्युइटी मिळाली?" मला माहीतच नव्हतं! नोकरी सुटल्यावर मालकाने द्यायची एकरकमी रक्कम ती, पाच वर्षं पूर्ण झाली की हक्क असतो म्हणाले आणि कॅलेंडरच्या पाठी पेनाने हिशोब केला, बेसिक १३,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ६, म्हणजे ४५,०००. अर्ज पण त्यांनीच टाईप केला, पैसे ३० दिवसांत द्यावे लागतात हेही सांगितलं.

बायोडाटात 'सेल्सगर्ल' एवढंच होतं, त्यांनी बिलिंग, स्टॉक मोजणी, गणपती-दिवाळीची गर्दी सांभाळणं सगळं विचारून घातलं. नोकरी शोधायच्या सरकारच्या एनसीएस (नॅशनल करिअर सर्व्हिस) पोर्टलवर नाव नोंदवलं, ते फुकट असतं.

शुक्रवारी मात्र जाऊ नका, बाजाराची गर्दी आणि प्रिंटर एकच. आता मी एका फार्मसीत बिलिंगला आहे, पगार थोडा कमी, पण घराजवळ. काकांना पेढे देऊन आले.