प्युमिस आणि विटांच्या चुऱ्यातले निवडुंग: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर गच्चीवरचे बहुतेक निवडुंग कोकोपीटमधून, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशातून काढून मी खड्यांच्या मिश्रणात लावले. त्यावर पुण्याची थंडी, कडक उन्हाळा आणि आख्खा पावसाळा गेलाय, त्यामुळे आता ठामपणे लिहिता येईल. मिश्रण मी पुन्हा घेणार आहे. पण सगळ्या झाडांसाठी नाही, आणि विकतचं तयार तर अजिबात नाही.

माझं प्रमाण असं: दोन भाग प्युमिस किंवा सिंडर, एक भाग विटांचा चुरा, एक भाग जुनं गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड. प्युमिस म्हणजे ज्वालामुखीचा सच्छिद्र, हलका दगड. सिंडर म्हणजे भट्टीत जळालेल्या कोळशाचे खडे. निवडुंगवाले आपल्याकडे तो पूर्वीपासून वापरतात आणि प्युमिसपेक्षा तो खूप स्वस्त पडतो. वीट पक्की भाजलेली हवी. कच्ची वीट दोन पावसांत चिखल होते. फोडून, चाळून, साधारण तीन ते सहा मिलिमीटरचे तुकडे ठेवायचे आणि खालची पूड फेकून द्यायची. ही पूड काढली नाही तर बाकी सगळा खर्च वाया, कारण तीच खाली बसते आणि कुंडीचं भोक बुजवते. मी सुरुवातीला ऑनलाइन मागवलेल्या तयार पिशवीत पूड इतकी होती की तीन पाण्यांनी धुतल्यावर पिशवीचा चांगलाच भाग कमी झाला. पैसे मात्र पूर्ण पिशवीचे गेले.

रोपवाटिकेत रोप घेताना ‘पाणी कमी घाला’ एवढंच सांगतात. आठवड्यातून एकदा, दोन चमचे. माझा आताचा अनुभव वेगळा आहे. निवडुंगांच्या मूळ घरी काय होतं ते बघा. मेक्सिकोतल्या प्वेब्ला आणि ओआहाका राज्यांत तेहुआकान-क्विकात्लानचं खोरं आहे. उंच खांबासारख्या निवडुंगांची तिथे जंगलंच आहेत आणि 2018 मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा म्हणून घोषित केलं. तिथला पाऊस पडतो तो मे ते ऑक्टोबर. म्हणजे या झाडांचा वाढीचा हंगाम आपल्या पावसाळ्याशी बऱ्यापैकी जुळतो. पावसाचं त्यांना वावडं नाही. तिथे सर आली की खडकाळ उतारावरून पाणी निघून जातं आणि लगेच ऊन पडतं. आपल्याकडे जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, आणि कोकोपीट तेवढे दिवस ओलंच राहतं. मुळांना हवा मिळत नाही, बुरशी धरते, आणि वरून हिरवंगार दिसणारं झाड खालून मऊ पडतं. पाणी किती घातलं यापेक्षा ते किती लवकर निघून गेलं, हे बघावं लागतं.

या पावसाळ्यात हा फरक डोळ्यांनी पाहिला. तुलनेसाठी एक मॅमिलेरिया (लहान, गोल निवडुंग) मुद्दाम जुन्या कोकोपीटमध्येच ठेवला होता. दोन्ही कुंड्या एकाच पारदर्शक पत्र्याखाली, पाणीही एकाच वेळी. खड्यांची कुंडी तीन-चार दिवसांत हलकी व्हायची; कोकोपीटची आठवडा उलटला तरी हाताला जड लागायची. गणपती झाल्यावर दोन्ही उपटून पाहिली. कोकोपीटमध्ये मुळं फक्त कडेने, कुंडीला चिकटून होती. मधला गोळा काळसर, आंबूस वासाचा, त्यात एक मूळ नव्हतं. दुसऱ्या कुंडीत पांढरी केसासारखी मुळं विटेच्या प्रत्येक तुकड्याला धरून बसलेली. काही तर प्युमिसच्या छिद्रात शिरली होती. खडा ओढला तर मूळ तुटत होतं. ते बघून कोकोपीटवरचा माझा उरलासुरला विश्वास संपला.

आता तोटे. प्युमिस हलका असल्यामुळे उंच निवडुंगाची कुंडी वाऱ्याने आडवी होते. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात माझ्या दोन कुंड्या पडल्या. तळाशी जड दगड घालायचे किंवा मिश्रणात सिंडरऐवजी खडी वाढवायची. जोरात पाणी घातलं की खडे तरंगून वर येतात, त्यामुळे झारीच हवी. मातीच्या कुंडीत हे मिश्रण एप्रिलमध्ये फारच झटपट वाळतं. त्या महिन्यात मी रोपं प्लॅस्टिकच्या कुंडीत ठेवते आणि पावसाळ्यात पुन्हा मातीच्या. बोअरचं पाणी असेल तर विटांवर पांढरी पुटं चढतात. पावसाचं पाणी पिंपात साठवून तेच घालायला लागल्यापासून ती कमी झाली.

आणि ब्रह्मकमळ. आपल्या घराघरांत असलेलं, रात्री फुलणारं ब्रह्मकमळ खरं तर निवडुंगच आहे, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या दमट जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढणारा. त्याला हे मिश्रण अजिबात मानवलं नाही. पानांसारखी दिसणारी चपटी खोडं लोंबली, कडा सुकल्या. नारळाच्या सोडणाचे मोठे तुकडे, कोळसा आणि पालापाचोळ्याचं खत यात हलवल्यावर ते पुन्हा ताठ झालं. निवडुंग म्हटलं की वाळवंट, हा समज त्याच्या बाबतीत उपयोगाचा नाही.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या झाडाकडे येते: नोपाल. मेक्सिकोच्या राजचिन्हात गरुड ज्याच्यावर बसलेला आहे, तो फड्या निवडुंग. त्यातली ओपुन्शिया फायकस-इंडिका ही जात मी बिनकाट्याची घेतली. तिची कोवळी पानं, म्हणजे खरं तर खोडाचे चपटे भाग, तिथे रोजच्या जेवणातली भाजी आहे. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला मिल्पा आल्ता भागात तिची शेतंच्या शेतं आहेत. माझ्या कुंडीत तिला मी खताचा भाग दुप्पट दिला, कारण नोपाल खादाड आहे. फेब्रुवारीपासून नवी पानं फुटत गेली आणि पावसाळ्यात उघड्यावरच राहिली.

भाजीचा अनुभव सविस्तर लिहिते, कारण याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. विकत आणलेल्या रोपाची पानं खाऊ नका. त्यावर कसली कीटकनाशकं मारलेली असतात ते कळत नाही. मी फक्त घरी नव्याने फुटलेली, तळहाताएवढी पानं घेते. बिनकाट्याच्या जातीवरही प्रत्येक डोळ्यावर बारीक कुसळं असतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत पण बोटात शिरली की दिवसभर सलतात. चिमट्याने धरून, सुरीने डोळे खरवडून, कडा कापून टाकायच्या. मग पट्ट्या कापून मीठ-कांदा घालून उकळायच्या, ते पाणी ओतून द्यायचं. भेंडीसारखा चिकटपणा सुटतो. तो आवडत नसेल तर लोखंडी तव्यावर कोरड्याच परतायच्या. आमच्याकडे लसूण, हिरवी मिरची आणि दाण्याचं कूट घालून केली आणि भाकरीबरोबर संपली.

यातली गंमत चवीची आहे. पहाटे कापलेलं पान स्पष्ट आंबट लागतं. त्याच झाडाचं दुपारी चार वाजता कापलेलं पान जवळजवळ बिनचवीचं. मी दोन्ही वेळा कापून, वेगवेगळी उकडून घरच्यांना चाखायला दिली, सगळ्यांना फरक कळला. कारण निवडुंग बहुतेक झाडांसारखी दिवसा आपली रंध्रं उघडत नाही. उन्हात उघडली तर पाणी उडून जाईल. तो रात्री उघडतो, कार्बन डायऑक्साइड आत घेतो आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवून ठेवतो. दिवसा रंध्रं बंद करून, उन्हाच्या जोरावर तेच आम्ल वापरून साखर बनवतो. म्हणून पहाटे आम्ल भरपूर आणि दुपारनंतर संपत आलेलं. हे कळल्यापासून मी पाणी संध्याकाळी घालते. रात्र गार असली की हे काम नीट चालतं. मुंबईत रात्रीही उकाडा ओसरत नाही, तेव्हा तिथल्या लोकांना काही जाती अवघड का जातात, याचं एक कारण मला इथेच दिसतं.

सासूबाईंनी पहिला घास घेतल्यावर विचारलं, “अगं, हा आपला फड्याच ना? आम्ही लहानपणी याची लाल बोंडं खायचो, जीभ लाल व्हायची.” तोच, किंवा त्याचा सख्खा भाऊ. दख्खनच्या माळावर कुंपणाला दिसणारा फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेचाच. गुजरातेत त्याच बोंडांना फिंडला म्हणतात आणि सरबत करतात. आपला त्रिधारी निवडुंग किंवा शेर मात्र वेगळ्याच कुळातले, युफोर्बियाचे. त्रिधारी इथलाच आहे, आणि या दोघांचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. खाण्यासाठी कुठलंही काटेरी झाड तोडण्याआधी हा भेद नीट ओळखता यायला हवा: निवडुंगाचे काटे लहानशा लोकरी गादीतून निघतात, युफोर्बियाला अशी गादी नसते.

ऑगस्टमध्ये नोपालवर कापसासारखे पांढरे ठिपके आले. पिठ्या ढेकूण समजून मी स्पिरिटचा बोळा घेतला, पण आधी एक ठिपका पांढऱ्या कागदावर चिरडला. गडद किरमिजी रेघ उमटली. हा कोचिनील किडा. ओआहाकात स्पॅनिश येण्याआधीपासून लोक नोपालवर त्याला पाळत, वाळवून दळत आणि कापड रंगवत; त्याचा लाल रंग पुढे युरोपभर गेला. ईस्ट इंडिया कंपनीनेही रंगासाठीच याच गटातला एक किडा अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात आणवला होता. रंगाचा उद्योग काही जमला नाही, पण किड्याने इथे माजलेला एक ओपुन्शिया जवळजवळ फस्त केला. मी एक पान किड्यांसकट वेगळ्या कुंडीत, जाळी लावून ठेवलं आहे. बाकीच्या झाडावरचे ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने काढले.

एक देशी झाड याच मिश्रणात लावलं, आणि ते सर्वांत सुंदर वाढलं: शिवसुमन, म्हणजे शिंदळ माकुडी. शिवनेरी आणि जुन्नरच्या कड्यांवर, बेसॉल्टच्या भेगांत वाढणारी ही वनस्पती फक्त महाराष्ट्रातच सापडते. 1860च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी तिचं वर्णन केलं आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून फ्रेरिया हे नाव दिलं. उन्हाळ्यात पानं गाळून नुसतं मांसल खोड उरतं, पहिल्या पावसात पानं येतात, आणि मग किरमिजी रंगाची, पिवळ्या ठिपक्यांची पाचकोनी फुलं. उन्हाळ्यात तिला मी जवळजवळ पाणीच दिलं नाही. कड्यावरची उपटून आणू नका. फांदीपासून सहज रुजते, लागवड करणाऱ्याकडून तुकडा मिळतो. माझाही तसाच मिळाला.

विकत घेताना मी आता कडक असते. ‘फुललेला’ म्हणून विकतात तो बऱ्याचदा गरम गोंदाने चिकटवलेल्या कोरड्या फुलाचा निवडुंग असतो. फूल हलकं ओढून बघा. लाल-पिवळ्या डोक्याचा ‘मून कॅक्टस’ म्हणजे हरितद्रव्य नसलेला कलमाचा गोळा, खालच्या ड्रॅगनफ्रूटच्या जिवावर जगणारा. कलम टिकत नाही तेव्हा तो संपतो. चिलीच्या कोपियापोआ निवडुंगाच्या मोठ्या, जुनाट दिसणाऱ्या झाडांपासून तर लांबच राहा. अटाकामाच्या वाळवंटातून ती चोरून आणली जातात. 2020 मध्ये इटलीत अशी हजारांहून अधिक झाडं पकडली गेली आणि त्यातली बरीच पुढच्या वर्षी चिलीला परत पाठवली. जवळजवळ सगळं निवडुंग कूळ साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या यादीत आहे. बियांपासून वाढवलेलंच घ्यावं.

पेयोटी या नशा आणणाऱ्या निवडुंगाबद्दल मला नेहमी विचारतात. मी ठेवत नाही. त्यातलं मेस्कॅलिन हे नशेचं द्रव्य आपल्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहे, हे एक. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मेक्सिकोतले विशारिका आदिवासी लोक त्या निवडुंगासाठी दरवर्षी सान लुईस पोतोसीतल्या विरिकुताच्या वाळवंटापर्यंत तीर्थयात्रा करतात. ते झाड अतिशय सावकाश वाढतं आणि जंगलातून झपाट्याने कमी होत आहे. ज्यांच्यासाठी ते देवाचं आहे, त्यांच्यासाठी ते तिथेच राहू द्यावं.

येत्या थंडीत नोव्हेंबर ते फेब्रुवारी मॅमिलेरिया आणि अ‍ॅस्ट्रोफायटमला पाणी जवळजवळ बंद ठेवणार आहे, थंड-कोरडी विश्रांती मिळाली की वसंतात फुलं चांगली येतात. पुढची भरणी प्युमिसशिवाय, नुसत्या सिंडर आणि विटांच्या चुऱ्यात करणार आहे. पुण्यात एकसारख्या आकाराचा, धुतलेला सिंडर सुट्टा कुठे मिळतो हे कुणाला माहीत असेल तर नक्की सांगा.